पानओव्याची फांदी

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

तू ओल्या फडक्यात बांधून दिलेला पानओवा आमच्या लाँड्रीच्या खिडकीत चांगलाच फोफावलाय. पानं मागायला येणाऱ्याला मी तुझ्यासारखी एक फांदीही लावायला देते. तू द्यायचीस तेव्हा मी किती चिडायचे.

मागे मला जरा खोकला झाला, आणि नेमकं झाड बोडकं. मग इस्त्रीवाल्या मावशींनी घरून पानं आणली, काढा केला आणि समोर बसून पाजला. फांदी आपलीच होती गं. आता बरी आहे, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

गुडघ्याला निर्गुडी बांधतेस ना? की सगळा पाला गल्लीत देऊन टाकलास? संपला असेल तर लाजू नकोस. ज्यांना फांद्या दिल्यास, त्यांच्याकडे एकदा तरी मागून बघ.

तुझी धाकटी