डॉज गाडी, तिचे दोन कार्बोरेटर आणि माझे कान

लिहून ठेवणार: इमामसाब हुसेनसाब नदाफ ऊर्फ इमाम मिस्त्री, वय अडुसष्ट, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार विजापूर वेशीजवळ, सोलापूर.

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, कोणाच्या दडपणाखाली न येता व कोणाच्या भिडेला न पडता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, डोळे चांगले आहेत, हात अजून कापत नाहीत. यापुढे 'शरीराने धडधाकट' असे लिहायची रीत आहे, पण ते मला लिहिता येत नाही. त्याबद्दल कलम पाच बघावे. बुद्धी ठिकाणावर असली तरी जीव थाऱ्यावर नाही, कारण माझा मुलगा पीरसाब पहाटे डॉज घेऊन उजनी धरणाच्या काठाला गेला आहे आणि जुम्म्याची नमाज होऊन गेली तरी परतलेला नाही. नुसते बसून काळजी करण्यापेक्षा लिहीत करावी म्हणून कागद ओढला आहे. साक्षीदार म्हणून शेजारचे टायरवाले सिद्धाप्पा आणि शिवयोगी मास्तर समोर बसले आहेत. चहा दोनदा झाला आहे.

कलम एक. राहते घर, गॅरेजची जागा आणि पोस्टातली बचत आमच्या शरियतप्रमाणे वारसांत वाटली जाईल. त्यात मी हात घालत नाही. मृत्युपत्राने मला मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतेच देता येते, आणि तेही वारस नसलेल्याला, असे शिवयोगी मास्तर सांगतात. ते लिंगायत असून आमचा कायदा त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, याची मला जराशी लाज वाटते.

कलम दोन. माझा मोठा जॅक मेहुण्यांनी एका लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी उचलायला नेला, त्या जोडप्याची पोरे आता शाळेत जातात. मेहुण्यांना माझ्या जनाज्याला यायचे असेल तर त्यांनी जॅक घेऊनच यावे. रिकाम्या हाताने आल्यास खांदा देऊ देऊ नये.

कलम तीन. डॉज ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, सहा सिलिंडरची, चारही चाके ओढणारी लष्करी गाडी. लढाईत मी पलटणीच्या वर्कशॉपमध्ये हिच्याच बहिणी दुरुस्त करत होतो. लढाई संपल्यावर पुण्याच्या लिलावात ही घेतली. बहात्तरच्या दुष्काळात हिने गावोगाव पाणी वाहिले, तेव्हा लोक हिच्यापुढे नारळ फोडायचे. ही गाडी मी माझी सून अजीजा हिला देत आहे. सून वारस नसते, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. खरे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम चार. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारे कार्बोरेटर गाडीला दोन आहेत. एक जुना, गाडीबरोबरच आलेला, मोठ्या वाटीचा. तो मी माझ्या जुन्या लुंगीत गुंडाळून लोखंडी ट्रंकेत ठेवला आहे. दुसरा पीरसाबने मंगळवार बाजारातून आणलेला, चार सिलिंडरच्या मोटारीवरचा. तो सध्या गाडीवर आहे. पेट्रोल महागल्यापासून पोराच्या डोक्यात बचत बसली आहे. पण चौघांच्या भातात सहाजण जेवायला बसवले तर टोकाचे दोघे उपाशी राहतात, तसे हिचे पहिले आणि सहावे सिलिंडर राहते. हेही मी सोसले असते. पण त्याची पेट्रोलची वाटी लहान आहे. गाडीने नाक वर केले की पेट्रोल वाटीत मागे सरते, जेट, म्हणजे पेट्रोल ओढणारे बारीक भोक, कोरडा पडतो आणि इंजिन दम सोडते. उजनीचे पाणी चढल्यापासून आमचे गिऱ्हाईक रावजी पाटील यांच्या वस्तीचा जुना रस्ता बुडाला आहे. आता उभ्या दरडीवरून जावे लागते आणि मागे खाली पाणी आहे. पीरसाब आज त्यांचाच पंप पोचवायला गेला आहे.

काल संध्याकाळी आमचे वाजले. घरच्या बोलीत झाले ते मराठीत लिहितो.

"अब्बा, सडकेवर किती गोड चालती बघा की. पेट्रोल लई वाचतंय."

"सडकेवर गाढवसुद्धा गोड चालतंय. दरडीवर चढवून दाव."

"तुमाला जुनंच बरं वाटतं. तुमच्या कानाला त्याचीच सवय."

कानाचे नाव निघाले आणि मी उठून गॅरेज बंद करायला गेलो. बोलायला हवे होते.

म्हणून लिहून ठेवतो की, या गाडीवर कोणता कार्बोरेटर बसवायचा हे यापुढे अजीजाने ठरवावे. गाडी दरडीवरून मागे घसरली तर कुंकवाचा धनी, आमच्यात म्हणायचे तर काळ्या मण्यांचा धनी, तिचा जाणार आहे. बचतीचा हिशेब तिलाच करू द्यावा. पीरसाबने मध्ये बोलू नये.

कलम पाच. माझे कान गेले आहेत. गेल्या थंडीपासून आधी व्हॉल्व्हची टिकटिक गेली, मग हळूहळू बाकीचे; समोर बसून मोठ्याने बोललेले तेवढे अजून समजते. गाडी मिस मारते, म्हणजे एखादे सिलिंडर पेट घेत नाही, हे मला आता कळत नाही. हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू मी पूर्ण आत घेतो, दीड फेरी बाहेर काढतो, आणि पुढचे काम पूर्वी कान करायचे ते आता तीन गोष्टींवर सोपवतो. एक, बॉनेटवर ठेवलेला तळहात. दोन, प्लगचा रंग. तो विटकरी हवा, काळा नको, पांढरा तर नकोच. तीन, माझी बायको नूरबी. चहा मागायच्या निमित्ताने मी तिला दारात बोलावतो. एवढी वर्षे तिने हे इंजिन स्वयंपाकघरातून ऐकले आहे. एखादे सिलिंडर खात नसेल तर तिच्या कपाळाला आठी पडते. आठी गेली की मी स्क्रू सोडतो. माझे कान गेल्याचे घरात कोणालाही, नूरबीलाही, माहीत नाही.

इथवर लिहून मी सह्या मागितल्या. सिद्धाप्पा म्हणाले, "इमाम, ट्रंकेत हाय म्हणतोस ते न बघता सही कशी ठोकू? दाव की आदी."

ट्रंक उघडली. लुंगीचे गाठोडे सोडले. आत लहान वाटीचा, मंगळवार बाजारातला कार्बोरेटर निघाला.

अजीजा कपडे वाळत घालत होती. तिला विचारले. ती जवळ येऊन म्हणाली, "रात्रीच मी त्यांना बदलायला लावला. म्हटलं, अब्बांचा जुना बसवल्याबिगर दरडीवर जायचं न्हाय." म्हणजे कलम चार मी लिहिण्याआधीच अंमलात आले होते.

मास्तर हसले. मला हसू आले नाही. सकाळपासून मी पोराच्या कार्बोरेटरला शिव्या देत होतो. आता त्या दरडीवर जे होईल ते माझ्या कार्बोरेटरवर होईल, आणि त्याचा स्क्रू ट्रंकेत ठेवण्याआधी मी बहिऱ्या कानांनी लावला आहे.   मी सिद्धाप्पांना काहीतरी विचारले, त्यांनी काहीतरी उत्तर दिले, ते मला ऐकू आले नाही.

मग नूरबी स्वयंपाकघरातून दारात आली. हाताला पीठ होते. मी तिला चहा मागितला नव्हता. तिने वेशीकडे कान दिला, कपाळाला आठी नव्हती. ती माझ्याकडे वळली. एका हाताची पाच बोटे आणि दुसऱ्याचे एक, अशी वर करून तिने मला दाखवली: सहाही सिलिंडर खात आहेत.

थोड्या वेळाने गाडी दारात आली.

कलम सहा. कान गेल्याचे नूरबीलाही माहीत नाही हे कलम पाचातील वाक्य चुकीचे असल्याने मी ते एका रेघेने खोडले आहे. खाडाखोड मला कबूल आहे. बाकी सर्व कायम.

सही: इमामसाब हुसेनसाब नदाफ

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष सही झाली:
१. सिद्धाप्पा, टायरवाले (गाठोडे उघडून पाहिले)
२. शिवयोगी, निवृत्त शिक्षक

मुक्काम सोलापूर, शुक्रवार, दिनांक २२ सप्टेंबर १९७८