आफ्रिकेतला सर्वांत मोठा देश

हुडकेश्वर, नागपूर
शनिवार, ७ डिसेंबर २०२४

चि. सौ. कामिनीस,
अनेक आशीर्वाद.

घरी सगळे बरे असतील. इकडे थंडी पडली आहे, माझे गुडघे रोज सकाळी तिची बातमी देतात. मार्चअखेर मी निवृत्त होतोय. निरोप समारंभात जुन्या विद्यार्थ्यांतर्फे तू बोलणार होतीस. त्याबद्दल आता काही विचारत नाही.

आपला शिपाई कवडू सांगत होता, अपेक्षाचा दाखला काढायला तू सोमवारी येते आहेस. तिला कळमेश्वरला मामाकडे ठेवणार म्हणे. "पोरगी शाळेत याले तयारच नाही, काय करू?" असं तू त्याला म्हणालीस. ती का येत नाही, ते मला माहीत आहे.

झालं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. भूगोलाच्या पेपरात आफ्रिकेतला सर्वांत मोठा देश रंगवायचा होता. माझ्या वहीत उत्तर होतं, 'सुदान'. अपेक्षानं अल्जेरिया रंगवला, मी फुली मारली. पेपर हातात पडल्यावर ती उठली, भिंतीवरच्या नकाशापाशी गेली आणि लाल स्केचपेननं सुदानच्या पोटातून रेघ ओढली. "सर, इथून खालचा देश वेगळा झाला नं. म्हणून सुदान लहान झाला." माझं डोकंच फिरलं. तुला चिठ्ठी धाडली: उद्धटपणा, शाळेच्या वस्तूची नासधूस.

दुसऱ्या दिवशी तू धावत आलीस. "सरांनी मलेबी याच नकाशावर शिकवलं. काहून वाद घालून राहिली वं? पाया पड आधी!" सगळ्या वर्गासमोर पोर वाकली. मी "असू दे, असू दे" म्हणालो. केवढं मोठं मन माझं!

कामिनी, आता लिहूनच टाकतो. आदल्या संध्याकाळीच मी ग्रंथालयातला नवा ॲटलास घरी नेऊन पाहिला होता. दक्षिण सुदान २०११ साली वेगळा झाला, तेव्हापासून अल्जेरियाच मोठा. तेरा वर्षं मी तोच प्रश्न काढतोय आणि तीच वही उघडतोय. ती माझ्या पाया पडली तेव्हा ती बरोबर आहे, हे मला ठाऊक होतं.

तरी गप्प बसलो. चार महिन्यांसाठी कशाला हसं करून घ्यायचं, एवढाच विचार केला. भ्यालो गं. ती रेघ स्पिरिटनं पुसायला गेलो, तर नकाशाचाच रंग निघाला आणि पांढरा पट्टा पडला. आता आफ्रिका गुंडाळून ठेवली आहे आणि पोरांना दक्षिण अमेरिका शिकवतोय.

तिला घरी तू मारलंस, हेही कवडूकडून कळलं. तो मार माझ्या वाटचा होता. तू शिकलीस तेव्हा तो नकाशा खरा होता, त्यात तुझा काही दोष नाही.

सोमवारी अर्ज जरूर आण. पण आधी अपेक्षाला घेऊन सातवी ब मध्ये ये. मी नकाशा लावून ठेवतो. जिच्यावर फुली मारली ती बरोबर होती आणि मला ते माहीत होतं, हे वर्गासमोर मी बोलेन. रेघ तिनं पुन्हा ओढावी. त्यानंतरही ती जाते म्हणाली, तर दाखल्यावर मुकाट्यानं सही करीन.

हे पत्र तिला वाचू दे. तुला वर सवयीनं आशीर्वाद लिहिले. तिला ते लिहायचा माझा अधिकार उरलेला नाही. तिला माझा नमस्कार सांग.

मनोहर सर