उभा, बसका आणि रिव्हर्स गिअर

ति. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे सवयीने लिहिलं. गाडी शिकायला लागल्यापासून पाठ अशी आखडली आहे की आठांपैकी जेमतेम तीन अंगं वाकतात, तेवढ्यावर समाधान मान.) तुझं पोट कसं आहे? वहिनी फोनवर म्हणाली की आता अगदी बरं आहे, पण तू आतल्या खोलीतून ‘काही बरं नाही’ असं ओरडलास तेही मला ऐकू आलं. तेव्हा दोन्ही पक्षांचं ऐकून घेऊन पोट मध्यम आहे असं मी धरून चालले आहे. सध्या मला दोन्ही पक्षांचं ऐकून घ्यायची फार सवय झाली आहे. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

आमच्याकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. डॉक्टरांनी यांना गाडी चालवायला बंदी केली हे तुला माहीतच आहे. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. (हे म्हणाले, कडेचं मला लग्नापासूनच दिसत नव्हतं, त्यात नवीन ते काय.) पण तो विनोद त्यांनी एकदाच केला आणि मग बोलणंच कमी केलं. तलावाकाठी मित्रांबरोबर बुद्धिबळ खेळायला जायचे, तेही बंद. रोज सकाळी गाडी मात्र पुसतात, तळहाताने चाचपत चाचपत, आणि पुसून झाली की स्टिअरिंगसमोर नुसते बसून राहतात, किल्ली न लावता. माझ्या शिलाई मशीनसमोरच्या खिडकीतून ते सगळं दिसतं. दादा, मला ते बघवत नाही. म्हणून दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करून झाल्या की या वयात मी गाडी शिकायला जाते. आधी हे म्हणाले, कशाला दगदग, शेजारच्या औषधवाल्याला गाडी हवीच आहे, देऊन टाकू. मी हटून बसले तेव्हा एवढं कबूल केलं की पास झालीस तर गाडी ठेवू, पण पुन्हा नापास झालीस तर औषधवाला. ‘पुन्हा’ या शब्दावरून मी एकदा नापास झाले आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्याचं कारण गिटार.

आता नीट सांगते. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी एक आणि सर दोन. मोठे सर आणि धाकटे सर, एकमेकांचे सख्खे साडू. मोठ्या सरांची मान वळत नाही (एकदा छताचा पंखा पुसताना धरली, ती आजतागायत सुटलेली नाही) आणि धाकट्या सरांना तिसऱ्या गिअरच्या वर गरगरतं. म्हणून मोठे सर पुढे जायला शिकवतात आणि धाकटे सर मागे यायला, म्हणजे रिव्हर्स, पार्किंग, अरुंद गल्लीतून गाडी बाहेर काढणं वगैरे. कुठल्याही संसारात याहून चांगली वाटणी मी पाहिलेली नाही. कितीतरी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग गाडीतल्या गाण्यांच्या पेनड्राइव्हमध्ये जागा संपली.

पेनड्राइव्ह दोघांचा सामाईक. मोठ्या सरांचा आवडता गिटारवादक उभ्याने वाजवतो, घामाघूम होतो आणि मधूनच गिटार मानेमागे नेऊन वाजवतो. (ज्याची मानच वळत नाही त्याला याचं अप्रूप असणारच.) धाकट्या सरांचा वादक बसून वाजवतो, डोळे मिटून, एक पाय छोट्या स्टुलावर. दोघांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही, लिहिली तर तूही एक बाजू घेशील. शाळेत सगळे त्यांना ‘उभा’ आणि ‘बसका’ असंच म्हणतात. तर उभ्याच्या एका गाण्याची मोठ्या सरांकडे आणखी एक आवृत्ती आली, जिच्यात तो शेवटी जरा जास्त वेळ घाम गाळतो. तिला जागा करायला त्यांनी बसक्याचा एक अख्खा कार्यक्रम पुसून टाकला. धाकट्या सरांनी विचारलं तेव्हा मोठे सर म्हणाले, “अहो, त्यात काही होतच नव्हतं!”

बस, एवढंच. या एका वाक्यावर शाळेत दोन चुली मांडायची वेळ आली. आजवरचा सर्वश्रेष्ठ गिटारवादक कोण, हा प्रश्न मला याआधी कधी पडला नव्हता, आणि पडला असता तरी तो चौकात, सिग्नल सुटल्यावर, क्लच सोडता सोडता पडला नसता. मोठे सर म्हणतात, भर कार्यक्रमात उभ्याची तार तुटली तरी तो उरलेल्या पाच तारांवर वाजवत राहिला, याला म्हणतात ड्रायव्हर. धाकटे सर म्हणतात, मुळात तार तुटलीच का? टायर फोडून गाडी घरी आणली म्हणून कोणी टायर फोडणाऱ्याला हार घालत नाही. आता गंमत अशी की दोघांपैकी कोणालाही गिटार वाजवता येत नाही. मोठ्या सरांना तर हॉर्नही तालात वाजवता येत नाही, आणि हे मी शेजारी बसून अनुभवलेलं सांगते.

तुला कल्पना नसेल, पण शिकवण्याच्या गाडीत सरांपुढेही एक ब्रेक असतो. मोठ्या सरांना एखादा मुद्दा ठासून मांडायचा असला की त्यांचा पाय त्याच्यावर जातो. “उभ्यासारखा”, ब्रेक. “झाला नाही”, ब्रेक. “होणार नाही”, ब्रेक. ‘होणार नाही’ला मागचा टेम्पो आम्हाला येऊन टेकला. टेम्पोवाला तणतणत खाली उतरला तर मोठ्या सरांनी त्यालाही विचारलं, की बाबा, तूच सांग, उभा की बसका? तो पुन्हा टेम्पोत जाऊन बसला. त्याचं बसणंसुद्धा मोठ्या सरांच्या मनाला लागलं.

पुढे धाकटे सर यायचेच बंद झाले. म्हणजे शाळेचं रिव्हर्स खातं बंद. तेव्हापासून आम्ही सगळे विद्यार्थी फक्त पुढे जातो. एखादं वळण चुकलं तर अख्ख्या गावाला वळसा घालून पुन्हा त्याच वळणावर यायचं. (गावातले रस्ते मला आता पोस्टमनपेक्षा जास्त माहीत आहेत, पण ते सगळे एकाच दिशेने.) एकदा उभ्याच्या तारेची गोष्ट पुन्हा ऐकता ऐकता मी गाडी एका बंद गल्लीत घातली. समोर भिंत. मोठे सर बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, इंजिन बंद करा. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याची चार माणसं बोलावून आम्ही गाडी मागे ढकलत बाहेर काढली. मी आत बसून स्टिअरिंग धरलं होतं आणि सर बाजूने चालत सूचना देत होते. अर्ध्या वाटेत त्यांनी त्या चौघांनाही प्रश्न घातलाच. तिघे म्हणाले उभा. चौथा म्हणाला, साहेब, आधी ढकलू द्या.

परीक्षेला मी अशी गेले. पुढचं सगळं बिनचूक केलं. मग परीक्षक म्हणाले, आता त्या दोन खांबांमधून गाडी मागे घ्या. मी म्हटलं, मागचं अजून झालेलं नाही. ते म्हणाले, का? आता त्यांना काय सांगणार? मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “बाई, मागचं शिकून या.” घरी आले तर हे दारातच उभे. मी मान हलवली. ते नुसतं म्हणाले, “असू दे.” पँटीच्या ढिगाजवळ बसून मी बराच वेळ रडले. दुसऱ्या दिवशी औषधवाला येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून गेला.

तेव्हा मी ठरवलं की आता हा निकाल लागलाच पाहिजे. दोघांच्या बायकांना मध्ये घातलं (त्याही विटल्या होत्या, बहिणी-बहिणींनी चोरून भेटायचं म्हणजे काय!) आणि दोघा सरांना आमच्याकडे चहाला बोलावलं. दोघे सोफ्याच्या दोन टोकांना बसले. म्हणजे धाकटे सर बसले, मोठे सर तत्त्व म्हणून उभेच राहिले. चहा झाला, बिस्किटं झाली, तार तीनदा तुटली, कोणी तसूभर हलेना. धाकटे सर उठून चपला शोधायला लागले. मला डोळ्यांपुढे गाडीच्या काचेआड किल्ली न लावता बसलेले हे दिसायला लागले आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, की तुम्ही दोघेही चुकताय, सर्वश्रेष्ठ तिसराच आहे, आणि त्याला मी स्वतः ऐकलेलं आहे.

मोठे सर म्हणाले, उभा वाजवतो का? मी म्हटलं, नाही. धाकटे सर म्हणाले, मग बसून? मी म्हटलं, तसंही नाही. जिन्यात, एक पाय वरच्या पायरीवर ठेवून. दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं. मोठे सर म्हणाले, म्हणजे तसा उभाच. धाकटे सर म्हणाले, पण पाय टेकवलेला. त्यांनी त्याला कधी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे नावं ठेवायला दोघांकडेही काही नव्हतं. तरी धाकटे सर पक्के. त्यांनी यांच्याकडे वळून विचारलं, तुम्ही ऐकलंय? तुला माहीत आहे, हे चहा बरा झालाय असंसुद्धा खोटं म्हणत नाहीत. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. तसेच बसून म्हणाले, “ऐकलंय. तसा दुसरा झाला नाही.” दादा, मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

असा तंटा मिटला. आठवड्यात रिव्हर्स खातं सुरू होईल, त्यानंतर लगेच माझी परीक्षा आहे. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पोटाला जप आणि तेलकट खाऊ नको. कळावे, लोभ आहेच, आता तो जरा जास्त लागणार आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. तो तिसरा म्हणजे तू, हे तू एव्हाना ओळखलं असशील. दोघांनी एकच अट घातली आहे, की प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय निकाल कायम होणार नाही. तेव्हा येत्या रविवारी गिटार घेऊन ये. आमचा जिना दोघे मिळून पाहून गेले. पायरी कितवी यावर थोडी बाचाबाची झाली, पण ती मिटली आहे.

ता. क. २. वहिनी म्हणाली की गिटारला तू कित्येक वर्षांत हात लावलेला नाहीस. काळजी करू नको. तुला तेव्हाही एकच धून येत होती, आणि तीही अर्ध्यावर अडायची आणि तू पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचास. आई दवाखान्यात होती त्या दिवसांत मी वरच्या पायरीवर बसून ती ऐकायचे आणि मला वाटायचं, हा वाजवतोय तोवर काही वाईट होणार नाही. मी त्या दोघांना थाप मारली असं समजू नको. यांनी मारली आहे. तुझी ती धून ऐकून एकदा त्यांनी उशी कानावर घेतली होती.

ता. क. ३. स्टेशनवर शाळेच्या गाडीतून तुला घ्यायला येईन, मोठे सर शेजारी असतील. फाटकाच्या जरा पुढेच उभा राहा. मी तुला ओलांडून गेले तर अख्ख्या गावाला वळसा घालून येईन, तोवर जागचा हलू नको. आणि एक सांगायचं राहिलंच. हेही येणार आहेत. मी विचारलं नव्हतं, स्वतःहूनच म्हणाले, “मी मागे बसेन.” इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच घराबाहेर पडताहेत, शर्ट आत्ताच इस्त्री करून खुर्चीवर ठेवला आहे. तेव्हा गिटार मोडली असेल, विकली असेल, बोटं चालत नसतील, तरी तू ये.