सातव्या गाण्याचं फाडलेलं पान

मी, सायमी रुओकोलाइनेन, वय एकोणऐंशी, आल्पोची विधवा, राहणार लेपासालो, शिक्षण गावातल्या फिरत्या शाळेत, हे स्वतःच्या हातानं आणि कुणाच्या दबावाखाली न येता लिहितेय. डोकं ठिकाणावर आहे. शेजारीण हिल्याला विचारू नका, ती नाही म्हणेल.

घर, वाफेच्या अंघोळीची सौना आणि माग माझ्या भाचीला, लेम्पीला. मागावर अर्धी सतरंजी आहे, ती पुरी करावी. बोट कुणाला नाही. ती उन्हाळ्याच्या सणाला किनाऱ्यावरच्या शेकोटीत जाळा. बँकेत जे असेल त्यातून माझ्या दफनाला कॉफी आणि गोड पाव. पावात वेलची हात आखडून घालू नका.

हिल्या समोरच बसलीय. "सायमे, मला काय ठेवलंस गं?"

"तुला सही. साक्षीदाराला काही मिळत नाही, कायदाच आहे. म्हणून तर तुला बोलावलं."

"मेली खडूस!"

आता खरं काय ते. आल्पोनं आपल्या भाषेतल्या सात कवितांना चाली लावल्या, चार आवाजांत, आपल्या चर्चच्या कोरससाठी. सातव्या गाण्यात बायकांचा खालच्या पट्टीतला आवाज त्यानं आमच्या लेकीसाठी, आउनेसाठी लिहिला. एकोणीस वर्षांची होती. एप्रिलमध्ये सरावाला उशीर होत होता. मी म्हटलं, "रस्त्यानं कशाला जातेस? गोठलेल्या तळ्यावरनं जा, वाटेच्या खुणेला फांद्या रोवलेल्या आहेत अजून." फांद्या होत्या. खालचा बर्फ राहिला नव्हता.

तिच्या आवाजाचं ते पान मी फाडून घेतलं. तेव्हापासून त्या जागी त्या आवाजाच्या बायका गप्प उभ्या राहतात. हिल्या एकतीस वर्षं त्यांच्यात तोंड मिटून उभी आहे. तिच्या आयुष्यात ती तेवढाच वेळ गप्प बसते. हेलसिंकीच्या एका शहाण्यानं पेपरात लिहिलं, काय ती शांतता! कसली शांतता, पान माझ्या पिठाच्या डब्यात होतं.

आल्पोला सगळं पाठ असणार. पण त्यानं ते पुन्हा लिहिलं नाही. एकदाच, अंथरुणाला खिळल्यावर म्हणाला, "सायमी, एकदा ऐकव ना." मी म्हटलं, "उद्या." सकाळी तो नव्हता.

ते पान कोरसला. माझ्या कबरीपाशी सातवं गाणं पुरं म्हणा. आउनेचा आवाज हिल्यानं म्हणावा. (हिल्या आता नाक पुसतेय.)

आणि कोरसला कायमची अट: एप्रिलमध्ये सरावाला कुणीही तळ्यावरनं येऊ नये. रस्त्यानं या. उशीर झाला तरी चालेल.

सही: सायमी रुओकोलाइनेन
लेपासालो, १४ मार्च १९७८

आम्ही दोघं एकाच वेळी हजर होतो. तिनं समजून उमजून सही केली.
हिल्या पार्तानेन
नीलो केट्टुनेन, चर्चचा घंटावाला