कळंब्यावर ऑस्प्रे दिसला, अप्पा!

आदरणीय अप्पा,

दिसला! आज सकाळी, कळंबा तलावावर, तोच पाण्यात सूर मारून मासे धरणारा शिकारी पक्षी! घरी आले ती थेट पत्र लिहायलाच बसले. आपल्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो पडलेत, फोन सारखा वाजतोय. पण आधी तुम्हाला सांगायचं होतं. तुम्हाला जाऊन चार महिने झाले, तरी तलावावरून निघताना मी फोनमध्ये तुमचाच नंबर काढला होता.

काय सूर मारला त्यानं! पाय पुढं काढून धपकन पाण्यात! वर आला तेव्हा पंजात हा एवढा मासा. अंग झटकलं आणि उडता उडता मासा सरळ केला. तोंड पुढं, शेपूट मागं. घार असं धरत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? मी ओरडले, अप्पा! मी! ग्रुपमधले सगळेजण त्या पक्ष्याला सोडून माझ्याकडंच बघायला लागले.

"आयला, व्हय की! ऑस्प्रेच हाय!" आपले ग्रुपमधले आनंदराव बांधावर नाचायचेच बाकी होते.

चार वर्षं दर रविवारी तुमच्यासोबत पक्षी बघायला आले, पण माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. "बोलू नगंस पोरी, बघ. बोलायला आमी हाय की," असं म्हणून तुम्ही तुमची दुर्बीण आधी माझ्या हातात द्यायचात. किती बरं वाटायचं!

त्याचाच मी गैरफायदा घेतला का?

दोन हिवाळ्यांपूर्वी आपण दोघंच पुढं गेलो होतो. तेव्हाही तो असाच मासा घेऊन गेला. मग चहाच्या वेळी नेहमीप्रमाणं पक्ष्यांची नावं निघाली. किमान दोन हात वर झाले तरच पक्षी वहीत राहणार, हा नियम तुमचाच. तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं नाव वाचलंत, "ऑस्प्रे."

"घार असंल की अप्पा! चष्मा बदला आता," आनंदराव म्हणाले. सगळे हसले.

"आणखी कुणी बघितला?" तुम्ही विचारलंत. माझ्यावर नजर जराशी थांबली. मी चहाच्या कपात बघत बसले. आणि तुम्ही स्वतःच्या हातानं त्या नावावर रेघ मारलीत.

माझं नाव का नाही घेतलंत हो? "हिनंबी बघितलाय" म्हणायला काय झालं असतं? परत येताना स्कूटरवर कागलच्या उसाबद्दलच बोलत राहिलात. एकदा तरी रागवायचं होतं! पुढं साधी घार उडाली तरी "अप्पांचा ऑस्प्रे आला" म्हणून लोक हसायचे, आणि तुम्हीही हसायचात. मला ते बघवायचं नाही.

आज चहा घेताना आनंदराव म्हणाले, "अप्पा असते तर आज खरा ऑस्प्रे बघितला असता."

मी कप खाली ठेवला. आणि बोलले. "त्यांनी खराच बघितला होता. मीही बघितला होता. मी हात वर केला नाही."

आनंदराव उसळले, "आन् हे आज सांगतीस व्हय गं? दोन वरसं आमी त्यांची चेष्टा केली!" मग त्यांनीच कानटोपी काढली, तोंड पुसलं. म्हणाले, "वही कुठं हाय त्यांची?"

वही काकूंजवळ आहे. संध्याकाळी आम्ही सगळे कागलला तुमच्या घरी येतोय. त्या रेघेखाली आज माझी सही होईल. काकू मला काय म्हणतील, माहीत नाही. म्हणू देत. पण माझ्याऐवजी आनंदरावांना मी बोलू देणार नाही. तुम्हाला बरोबर दिसलं होतं, हे काकूंना मीच सांगेन. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. वचन देते, अप्पा.

तुमची,
सुजाता