होय किंवा नाही: एकावर क्लिक करा

२ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७

संकल्प कालच करायचे होते. कालचा दिवस कोणते करायचे हे ठरवण्यात गेला.

१) हवाई वाहतूक नियंत्रकाच्या ट्रेनिंगचा अर्ज पुन्हा भरणे. शेवटची तारीख ३१ जानेवारी. मार्चमध्ये मला सत्तावीस पूर्ण होतात, म्हणजे ही शेवटचीच संधी. २) रोज सहा तास अभ्यास. ३) अप्पांना खरं सांगणे. आजच.

खरं काय ते इथे तरी लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय. माझी पोस्टिंगची ऑर्डर ‘येतेय’, असं मी घरी सांगितलंय. ती येत नाहीये. सप्टेंबरातच मला ट्रेनिंगमधून कमी केलं.

रात्री ९. अप्पा आज केळीच्या बागेतून थकून आले. थकलेल्या बापाला असं सांगणं बरं नव्हे. उद्या.

६ जानेवारी, मंगळवार

टाइमटेबल तयार. चार रंगांची पेनं वापरली. दिवस त्यातच गेला, पण पाया भक्कम झाला.

नापास का झालो त्याचं विश्लेषणही केलं. सिम्युलेटरवर दोन विमानं होती. नागपूरचं तीन मिनिटांवर, दुबईचं अजून लांब. मी नागपूरला घिरट्या घालायला लावून आधी दुबईला उतरवलं. सरांनी कारण विचारलं. मी म्हणालो, सर, ते लांबून आलेत. आमच्याकडे लांबून आलेल्याला पहिलं ताट. घरचा माणूस थांबतो. नागपूर काय, घरचंच. अख्खा वर्ग हसला, सर हसले नाहीत. फेरपरीक्षेत सिंगापूरच्या बाबतीत हेच झालं. एकदा झाली तर चूक म्हणता येईल. दोनदा झाली म्हणजे संस्कार. सरांचे आणि माझे तात्त्विक मतभेद होते, बाकी काही नाही.

अप्पांना सांगायचं राहिलं. दुपारी ते फाट्यावर गेले होते. तिथे अजून माझा बॅनर आहे. माझा फोटो, मागे लढाऊ विमान, आणि ‘आकाशाला दिशा देणारे आपल्या गावचे योगेंद्र’. ऊन-पावसाने विमान फिकं पडलंय. मी नाही.

१० जानेवारी, शनिवार

आज प्रात्यक्षिक. शहाद्याच्या एसटी स्टँडवर दोन तास वही घेऊन बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मनातल्या मनात कंट्रोल केल्या. नंदुरबारला जागा दिली, धडगावला थांबवलं, धुळ्याला मागे घेतलं. एकही टक्कर नाही. कॉन्फिडन्स वाढला.

एक म्हातारी आली, पार्वतीबाई. अक्कलकुव्याची गाडी कुठे लागते म्हणून विचारलं. मी त्याच तंद्रीत सांगितलं, मावशी, थांबा, तिला अजून परवानगी नाही. त्या थांबल्या. गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढची दीड तासाने. मी त्यांना चहा पाजला. त्या मलाच म्हणाल्या, बेटा, तू चांगला शे. घरी येईपर्यंत ते कानात वाजत होतं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

आजच्या मुहूर्तावर सांगायचं पक्कं होतं. पण तिळगूळ देताना लोक गोड बोला म्हणतात, खरं बोला कुणी म्हणत नाही.

अप्पांनी दुधाची किटली कपाच्या बाजूला ओतली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पुरता पिकलाय, डाव्याचंही ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टर दिवाळीतच म्हणाले होते. अप्पांचं एकच: घाई नही शे. पोऱ्यानी ऑर्डर येवू दे. त्याना गावले मोठा दवाखानामा करसूत. पट्टी सुटनी की पहिले त्याना टावर दखसू. म्हणजे ऑपरेशन माझ्या पोस्टिंगच्या गावी आणि पट्टी सुटल्यावर पहिलं दर्शन माझ्या टॉवरचं. आणि डावा डोया तं सोनं शे म्हणे.

दूध पुसताना ममता माझ्याकडे बघत होती. माझी धाकटी बहीण, फार बोलत नाही. नंतर म्हणाली, दादा, तुझ्या ऑफिसला जरा फोन करून बघ ना, अप्पांसाठी. मी म्हटलं, सरकारी काम आहे, धीर धर. नंतर गोठ्यात जाऊन उभा राहिलो. मला माझीच शरम वाटली. ऑर्डर माझी नाही आणि डोळे त्यांचे जाताहेत.

उद्या नक्की.

२२ जानेवारी, गुरुवार

सूचनापत्रक नीट वाचलं. प्रश्न १७: ‘यापूर्वी या ट्रेनिंगमधून कमी करण्यात आले आहे काय? होय / नाही.’ खाली टीप आहे. ‘होय’ म्हणणाऱ्याला आणखी एक संधी मिळते; कमी का केलं ते लिहिलं की झालं. माहिती लपवली तर कायमचं अपात्र. म्हणजे माझ्यासारख्यांचा विचार केलेला दिसतो. भले लोक आहेत.

कारणाला तीनशे अक्षरांची मर्यादा. पहिला मसुदा: ‘अतिथीविषयीच्या आदरामुळे.’ दुसरा: ‘सरांशी तात्त्विक मतभेद.’ तिसऱ्यात नुसतं ‘चूक झाली’ लिहिलं. वाचून बरं वाटलं. तोच पाठवणार.

अभ्यास: चाळीस मिनिटं. त्यात चहा धरलेला आहे.

२९ जानेवारी, गुरुवार. रात्री ८

अर्ज भरला.

घरी नेट चालत नाही, म्हणून शहाद्याला दिनेशच्या ऑनलाइन सेंटरवर जायचं होतं. घरातून निघताना, कसला फॉर्म, असं मायनं विचारलं. तोंडातून निघून गेलं, पोस्टिंगचा. झालं. अप्पांनी इस्त्रीचा सदरा काढला, पांढरी टोपी चढवली आणि मोटरसायकलवर माझ्या मागे बसले. नको म्हणायला कारण सुचलं नाही. एरवी मला शंभर कारणं सुचतात.

दिनेशनं अप्पांना खुर्ची दिली. त्यांनी ती ओढून पार स्क्रीनला लावली. मी टाइप करत होतो. नाव टाकलं. अप्पा म्हणाले, हा, बरोबर शे. जन्मतारीख. हा, बरोबर. पत्ता. हा. सातवी शिकलेत, आणि प्रत्येक प्रश्नाखाली हिंदीत भाषांतर दिलेलं होतं. नाक स्क्रीनपासून वीतभर. सोळावा झाला. मग सतरावा आला.

अप्पांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. खिशात तिसरा मसुदा होता. दिनेशला पाणी मागितलं. पाणी प्यालो. अप्पांना म्हटलं, तुम्ही चहा घेऊन या ना. म्हणाले, आज काय मी आठून उठाव नही, ही खुर्ची सोडाव नही.

‘नाही’वर क्लिक केलं. अप्पा म्हणाले, हा, बरोबर शे.

तात्पुरतंच केलं होतं. नंतर दुरुस्त करणार होतो. सबमिटनंतर दुरुस्ती होत नाही, हे दिनेशनं सबमिटनंतर सांगितलं. येताना अप्पांनी रसवंतीवर गाडी थांबवायला लावली. दोघांनी उसाचा रस घेतला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शांतपणे विचार केला. ‘कमी करण्यात आले’ म्हणजे काय? मला कुणी हाताला धरून बाहेर काढलेलं नाही. बॅग माझी मीच भरली, रिक्षाही मीच बोलावली. या अर्थानं ‘नाही’ हे उत्तर बरंचसं बरोबर आहे. शिवाय एवढ्या मोठ्या देशात जुनी नावं कोण तपासत बसतं?

अभ्यास जोरात. नवीन टाइमटेबल केलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री

तपासतात.

दुपारी मेल आला. आधीच्या ट्रेनिंगची माहिती लपवल्यामुळे अर्ज रद्द, उमेदवार कायमचा अपात्र. त्यांनी माझा ट्रेनिंगचा जुना नंबरही जोडलाय. रेकॉर्ड चोख ठेवतात, हे मानलं पाहिजे.

‘होय’ म्हटलं असतं तर चाललं असतं. हे मी अकरा वेळा मोबाइलवर वाचलं. अपील करता येईल का ते बघतो. येत नाही. तेही खाली लिहिलंय.

संध्याकाळी अप्पा ओसरीवरून उतरताना पायरी चुकले. फार लागलं नाही. हसून म्हणाले, पायरीच खाली सरकनी.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काल सांगितलं. ठरवलं नव्हतं, म्हणूनच बहुतेक जमलं. अप्पा खाटेवर होते, माय तांदूळ निवडत होती. सप्टेंबरपासून परवाच्या मेलपर्यंत सगळं सांगितलं. नागपूर-दुबईसुद्धा. माय रडली. ममता आत गेली. अप्पांनी एवढंच विचारलं: मंग तू फारममा ‘नाही’ काब्र करं?

मी म्हणालो, तुम्ही शेजारी बसून वाचत होतात ना.

अप्पा म्हणाले, माले काय दिखस रे भाऊ. दिवाईपासून मी नुसता उजेड दखस. तुले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन हा हा करी ऱ्हायंतू.



आज सकाळी त्यांना शहाद्याला नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि मला विचारलं, इतके दिवस कशाची वाट बघत होता? अप्पाच मध्ये बोलले, म्हणाले, केळीचं काम होतं. सोमवारी ऑपरेशन, शहाद्यालाच. संमतिपत्रावर नातेवाइकाची सही लागते. नाव लिहिलं. रुग्णाशी नातं: मुलगा. व्यवसाय: हा रकाना सोमवारपर्यंत भरून देतो, असं नर्सबाईंना सांगितलंय.