गुडघ्याची केस

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. केस उभी करायची तर तारीखवार नोंदी हव्यात. ही कुणी वाचायची नाही. हिने तर मुळीच नाही.

परिस्थिती अशी. तोफखान्यात बावीस वर्षं काढून तीन वर्षांपूर्वी डिस्चार्ज घेतला. तेव्हापासून कोल्ड स्टोरेजच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर. काल ती नोकरी सोडली. मॅनेजर म्हणतो, त्याने काढलं. शब्दांचा खेळ आहे. गेटवर एक ट्रक उभा राहून हॉर्न वाजवत होता म्हणे, आणि मी पाठ करून उभा होतो. मी आतल्या बाजूची पाहणी करत होतो! आजकालचे हॉर्नसुद्धा कसले, दम नाही त्यांच्यात.

जे होतं ते बऱ्यासाठीच. आता मोठं काम हाती घेणार. माझा डिस्चार्ज मेडिकल रिटायरमेंटमध्ये बदलून घ्यायचा आणि गुडघ्याबद्दल आयुष्यभर अपंगत्व भत्ता. तीन महिन्यांत फत्ते.

हिला सांगितलं. भांडी घासता घासता काहीतरी पुटपुटली. होकार समजलो.

७ जानेवारी
पेन्शन ऑफिसबाहेर झाडाखाली एक टायपिस्ट बसतो. अर्ज लिहून देतो. त्याने विचारलं, गुडघा कशाने गेला. व्हॉलीबॉल, मी म्हणालो. त्याचे हात थांबले. मी समजावलं की रविवारचा व्हॉलीबॉल कंपल्सरी होता. कंपल्सरी म्हणजे हुकूम, हुकूम म्हणजे ड्यूटी, ड्यूटीवर झालेली इजा म्हणजे भत्ता. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. बहुधा इतकं सरळ लॉजिक त्याने पूर्वी ऐकलं नसावं.

मग सर्व्हिसमधले दवाखान्याचे कागद मागितले. नाहीत, मी अभिमानाने सांगितलं. बावीस वर्षांत एकदाही सिक रिपोर्ट नाही. शेवटच्या तपासणीला तर बाहेर ट्रक उभा होता, घरी जाणाऱ्यांना न्यायला. डॉक्टरने विचारलं, काही तक्रार? आम्ही अख्खी रांग एका सुरात, नाही साहेब! तक्रार सांगणारा मागे राहतो, पंधरा दिवस हॉस्पिटलात सडतो. एवढा मूर्ख कोण?

टायपिस्ट म्हणाला, मग आता गुडघा कुठून आला?

पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

१५ जानेवारी, सकाळ
लंगडण्याचा सराव सुरू. दुखतो उजवा, पण लंगडणं डाव्यात जास्त शोभतं. विचार चालू आहे.

घरात रातकिडा घुसला आहे. भर दुपारीसुद्धा किर्र चालू. कपाट सरकवलं, सोफा उलटा केला, सापडला नाही. हिला विचारलं तर म्हणते तिला ऐकू येत नाही. बायकांचे कान लवकर उतरतात. काही बोललो नाही, उगाच मन दुखवायचं कशाला?

१८ जानेवारी
अर्ज तयार. सही करायला गेलो तर ही बरोबर निघाली. म्हणे दोरे आणि बटणं घ्यायची आहेत. (शिवणकाम करते. पेन्शन मुलीच्या लग्नाच्या कर्जात जाते, म्हणून सध्या घर शिवणावरच चाललंय, भत्ता येईपर्यंत.) मी चहा सांगायला गेलो तेवढ्यात ती टायपिस्टशी बोलत उभी. काय बोलत होती विचारलं, तर हवेबद्दल.

अर्ज चार पानांचा झालाय. गुडघ्यावर चार पानं! वाचत बसलो नाही. फौजी माणूस, दाखवलं तिथे सही ठोकली.

२ फेब्रुवारी
डोअरबेल पुन्हा बिघडली. तिसरी बेल आहे ही. मुलगी येऊन दारात ताटकळली, शेवटी शेजाऱ्यांनी खिडकीतून हात हलवून मला उठवलं. दुकानदाराला खडसावलं. त्याने दुकानात वाजवून दाखवली, म्हणे वाजतेय की! मी म्हणालो, कुठे वाजतेय? तो मुलीकडे बघायला लागला, मुलगी जमिनीकडे. नाचता येईना, अंगण वाकडं.

मुलगी जाताना आईच्या गळ्यात पडून काहीतरी बोलत होती. घरात सगळे हळू बोलायला लागलेत. संस्कार म्हणायचे.

११ फेब्रुवारी
पलटणीतला लंबू भेटायला आला. बरं वाटलं. आम्ही दोघं बोललो की मजा येते, कारण लंबू स्पष्ट बोलतो. हिने मध्येच येऊन खिडक्या लावल्या. थंडी नव्हती.

लंबूने तोफेच्या दिवसांची आठवण काढली. कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही नवी नवरी म्हणायचो. मी कधी घातला नाही. मग वार्षिक तपासणीची आठवण निघाली. कानाच्या तपासणीत नापास झालं की कॅटेगरी खाली, बढती गेली, उरलेला जन्म स्टोअरमध्ये घोंगड्या मोजायच्या. म्हणून जुन्या गोलंदाजांनी नव्यांना शिकवलेली विद्या: कान विसर, कंपाउंडरचं कोपर बघ. तो काचेपलीकडे बसून बटण दाबतो. कोपर हललं की तू आपलं बटण दाब. अख्ख्या तोफखान्यात कुणी नापास नाही! लंबू हसून हसून खोकायला लागला.

त्याला गुडघ्याची केस सांगितली. म्हणाला, कसला गुडघा? सेंड-ऑफला टेबलावर चढून तूच नाचला होतास की. मित्र म्हणून काही गोष्टी विसरायच्या असतात, हे त्याला कळत नाही.

२६ फेब्रुवारी
मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं! ५ मार्च. मी म्हणालोच होतो.

हिने ते पत्र दोनदा वाचलं आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नाही. संध्याकाळी जवळ बसून, तोंड मोठं करून सांगत होती, तिथे खरं ते सांगा, नाही म्हणजे नाही म्हणा. मी म्हणालो, अगं, गुडघ्याला काय खरं आणि काय खोटं! तिने कपाळाला हात लावला.

निर्णय: डावा.

५ मार्च, संध्याकाळ
बोर्ड झालं. सविस्तर लिहितो.

गुडघ्याला तीन मिनिटंसुद्धा दिली नाहीत. डॉक्टरीणबाई, मेजर, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. गुडघा वाकवला, सरळ केला, एक्स-रे उजेडात धरला. विचारलं, कोणता दुखतो? मी डावा म्हणालो. तिने अर्ज दाखवला, त्यात उजवा होता. मी म्हणालो, आलटून पालटून. तिने लिहून घेतलं. सविस्तर लिहून घेतलं, हे महत्त्वाचं.

मग मला कानाच्या खोलीत पाठवलं. गुडघ्याच्या केसला कान कशाला? रुटीन असणार. ती जुनीच लाकडी पेटी, काचेची खिडकी, कानावर हेडफोन, हातात बटण. पलीकडे एक तरुण टेक्निशियन. त्याने खूण केली आणि सुरू झालं. म्हणजे काहीच सुरू झालं नाही! मशीन बंद. एक आवाज नाही, फक्त तो आपला घरचा रातकिडा. (बहुधा कपड्यांतून आला असावा.) आता यंत्र बिघडलं म्हणून शिपायाने नापास व्हायचं की काय? मी कोपराकडे बघितलं. पोरगं हुशार, कोपर हलवत नव्हतं. पण दर वेळी बटण दाबण्याआधी हनुवटी किंचित खाली घेत होतं. बावीस वर्षांचा अनुभव! हनुवटी खाली, माझं बटण. हनुवटी खाली, बटण. एकही चुकवलं नाही.

बाहेर आलो तर टेक्निशियन कागदाकडे, मग माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, कसं झालं? त्याने अंगठा दाखवला.

घरी येऊन हिला सांगितलं, गुडघा ठीकठाक, पण कानात पैकीच्या पैकी! तिच्या हातातली कात्री खाली पडली. आवाज न करता पडली, चांगल्या कंपनीची आहे.

६ मार्च
ही बोलत नाही. प्रवासाचा शीण असेल.

९ मार्च
अजून बोलत नाही, पण ओठ हलताना दिसतात.

भत्ता आल्यावर काय करायचं याचा आराखडा केला. पहिलं, हिचं शिवणकाम बंद. दुसरं, कोल्ड स्टोरेजच्या गेटसमोरून ट्रॅकसूट घालून फेरी मारायची. मॅनेजरला दिसली पाहिजे. तिसरं अजून सुचलं नाही.

१२ एप्रिल
निकाल आला. जशाच्या तसा उतरवतो. गुडघा: वयोमानाप्रमाणे. श्रवण: उत्तम. अर्जदाराचे दोन्ही दावे नामंजूर.

गुडघा गेला तो गेला. पण 'उत्तम'! या वयात, तोफखान्यातून आलेल्या माणसाला! ते पत्र घेऊन हिच्यापुढे धरलं.

तिने शिलाई मशीन थांबवलं. वाचलं. आणि हसायला लागली. इतकी हसली की शिवायला घेतलेल्या कुणाच्यातरी झग्याने डोळे पुसायची वेळ आली. मग मला कळलं की ते हसणं नव्हतं.

मी विचारलं, पण दोन्ही म्हणजे कोणते? माझा तर एकच गुडघा होता. म्हणजे दोन आहेत, पण दावा एकच.

तिने मला समोर बसवलं. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. दुसरा दावा कानाचा होता. तोफेच्या आवाजाने ऐकू येत नाही, असा. तिने टायपिस्टला सांगून घालायला लावला होता, मी चहा सांगायला गेलो तेव्हा. टायपिस्ट म्हणाला होता, बाई, गुडघ्यात काही राम नाही, पण कानाची केस शंभर टक्के जिंकाल. मला आधी सांगितलं असतं तर मी सही केली नसती, हे तिला ठाऊक होतं.

मी म्हणालो, माझे कान उत्तम आहेत, सरकारने लिहून दिलंय.

ती उठून माझ्या पाठीमागे गेली. थोड्या वेळाने पुढे आली आणि विचारलं, मी आत्ता काय म्हणाले?

१३ एप्रिल
काल रात्री जेवलो नाही. ट्रकच्या हॉर्नबद्दल विचार करत होतो. बेलवाल्याची माफी मागायला हवी. पुढच्या महिन्यात मागेन.

१९ एप्रिल
अपील करायला गेलो. स्वतःहून, ही बरोबर. खिडकीतल्या साहेबाला सगळं खरं सांगितलं, हनुवटीसकट. त्याला पटलं नाही. म्हणाला, पूर्ण मार्कांनी पास झालेला माणूस महिन्या-दीड महिन्यात बहिरा कसा होईल? हे सगळं हिने मला नंतर सांगितलं. मी त्याच्या हनुवटीकडे बघत होतो, सवयीने.

नियमाप्रमाणे फेरतपासणी एका वर्षानंतर. मी विचारलं, तोपर्यंत कान सुधारले तर? तो म्हणाला, न सुधारण्याची आशा ठेवा. खिडकीमागचे साहेब असेच असतात, हसता हसता मारतात.

आपलेच दात, आपलेच ओठ. लंबूला फोन करून सांगावं म्हटलं, तर दोघांनाही कळेना कोण काय बोलतंय. आधी वाटायचं लाइन खराब आहे.

२४ एप्रिल
हिने मला कानाच्या मशीनच्या दुकानात नेलं. मी गेलो. वाद घातला नाही, ही नोंद ठळक असावी. एक दिवसासाठी ट्रायलला देतात. किंमत विचारली आणि हिने उघडलेली पर्स पुन्हा बंद केली. भत्ता मंजूर झाला असता तर त्यातून आलं असतं. त्यासाठीच ती धडपडत होती, आणि मी पेटीत बसून हनुवटी मोजत होतो.

कानात घातल्यावर पहिली जी गोष्ट ऐकली ती म्हणजे माझा स्वतःचा आवाज. मी एवढ्या मोठ्याने बोलतो? दुकानदार हो म्हणाला. त्याला मी विचारलं नव्हतं.

२४ एप्रिल, संध्याकाळ
घरभर आवाज आहे. नळ गळतोय. पंखा करकरतोय. शिलाई मशीन तर गिरणीसारखं चालतं, आणि मी तीन वर्षं म्हणत होतो की काय शांत मशीन आहे.

आणि ही बोलते. मी दारात उभा होतो, तिला माहीत नव्हतं. मान खाली घालून शिवत होती आणि बोलत होती. मुलीचं सासरी काय चाललंय, शेजारीण कशी घसरून पडली, माझ्या शर्टाची कॉलर उसवलीय, आज कंबर फार धरलीय. मध्ये थांबायची, कुणीतरी उत्तर देईल इतका वेळ, आणि पुन्हा सुरू करायची. मला वाटायचं ही पुटपुटते. ती पुटपुटत नव्हती, माझ्याशी बोलत होती.

मी म्हणालो, कंबर कधीपासून दुखतेय?

ती दचकली. सुई बोटात गेली. बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, दोन वर्षं झाली.

मी म्हणालो, मग सांगितलं नाहीस कधी?

म्हणाली, सांगत होते की. रोज सांगत होते.

मशीन उद्या सकाळी परत करायचंय. हिने शिवण बाजूला ठेवलीय आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलीय. म्हणते, वेळ थोडा आहे, ते लिहिणं बंद करा, मी मागचं सगळं पहिल्यापासून सांगते.